पंचनाम्याआधी विल्हेवाट नको

कर्नलची नवी आवृत्ती बसविल्यानंतर संगणक सुरू होईनासा झाला, की आपल्या व्यवसायातील पुष्कळ मंडळी ज्या तडफेने पेनड्राइव्ह शोधून सारी प्रणाली नव्याने बसविण्याच्या उद्योगास लागतात, ती तडफ आम्हांस शोचनीय वाटते. कारण अशा प्रसंगी फाइलींना, डेटाबेसला किंवा खुद्द डिस्कला बहुधा काहीच झालेले नसते, आणि ज्या पुराव्यावरून दोषाचा माग लागावयाचा तोच या घाईत नष्ट होतो. पंचनामा होण्यापूर्वीच मुद्देमालाची विल्हेवाट लावण्यासारखे हे आहे.

लिनक्सच्या बहुतेक वितरणांत नवे कर्नल जुन्याला पदच्युत करीत नाही. ते त्याच्या शेजारी येऊन बसते. फेडोरा मूळ तजविजीप्रमाणे ३ कर्नल बाळगते, डेबियन आणि उबुंटू यांतही मागील कर्नल सहसा शिल्लक असते. तेव्हा अव्वल काम हे, की ग्रबच्या यादीत शिरून मागील कर्नल निवडावे; यादी दिसतच नसेल, तर उबुंटूत जुन्या बायोसच्या यंत्रावर शिफ्ट व यूईएफआयच्या यंत्रावर एस्केप कळ उपयोगी पडते. जुने कर्नल बिनतक्रार चालले, की संशयाचे क्षेत्र नव्या कर्नलच्या परिवारापुरते आकुंचित होते. आर्च लिनक्समध्ये मात्र नवे पॅकेज जुन्याच्या जागी येते. तेथे सोबत एलटीएस कर्नल बसवून न ठेवणाऱ्याविषयी आम्हांस फारशी सहानुभूती नाही.

रूट फाइलप्रणाली जोडता येत नाही असे जाहीर करणाऱ्या कर्नल पॅनिकच्या संदेशात ‘अननोन-ब्लॉक (०,०)’ ही अक्षरे येतात, तेव्हा डिस्क बिघडली असा अर्थ लावणे चूक होय. रूट म्हणून सांगितलेले साधन आपल्याला ओळखताच आले नाही, एवढेच कर्नल सांगत असते. डिस्कचे ड्रायव्हर आणि एलव्हीएम अथवा लक्स यांची साधने ज्या इनिटरॅमएफएसमध्ये बांधलेली असतात, ते अशा वेळी बहुधा तयारच झालेले नसते. ते सापडले, पण त्यात नेमका हवा तो ड्रायव्हर नसला, तर पॅनिकऐवजी बिझीबॉक्सचा किंवा ड्रॅकटचा आपत्कालीन शेल समोर येतो, हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आणि इनिटरॅमएफएस का तयार झाले नाही याचा शोध घेत गेले असता हा माग वारंवार बूटच्या त्या चिमुकल्या पार्टिशनपाशी येऊन थांबतो: जुन्या कर्नलांनी जागा व्यापलेली, नव्या कर्नलची मूळ फाइल कशीबशी मावलेली, इनिटरॅमएफएस लिहिताना जागा संपलेली, आणि ग्रबच्या यादीत मात्र नवे नाव दिमाखाने दाखल झालेले. इलाज सोपा आहे. जुन्या कर्नलवरून यंत्र चालवावे, चालू कर्नलला हात न लावता अनावश्यक कर्नल पॅकेज-व्यवस्थापकामार्फतच काढावीत, अर्धवट राहिलेले काम पुरे करावे, इनिटरॅमएफएस पुन्हा बांधून ग्रबची यादी ताजी करावी. बूटमधल्या फाइली हातांनी पुसणारे महाभाग पॅकेजांच्या दफ्तराचा आणि वस्तुस्थितीचा मेळच मोडून टाकतात.

जर्नलमध्ये मागील बूटच्या नोंदी जरूर पाहाव्यात. परंतु रूट फाइलप्रणाली जोडलीच गेली नसेल, तर तेथे त्या बूटची नोंदच नसते, आणि ही अनुपस्थितीदेखील एक साक्ष असते. पडदा नुसता काळा राहिला, पण एसएसएचने आत शिरता येते, तर तो बूटचा दोष नव्हे. एनव्हिडियाचे मोड्यूल नव्या कर्नलसाठी बांधले गेले की नाही, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर त्यावर मान्य स्वाक्षरी आहे की नाही, एवढे तपासावे.

सर्व्हरांच्या बाबतीत अधिक खोल अडचण कालाची आहे. स्वयंचलित अद्ययावतीकरणाने बसलेले कर्नल पुढच्या रीबूटपर्यंत निमूट पडून राहते. त्यामुळे दोष उघडकीस येतो तो वीज गेल्याच्या रात्री, आणि तोवर काय बदलले होते याचे स्मरण कोणासही उरलेले नसते. वर्षानुवर्षे न थांबलेल्या सर्व्हरची प्रौढी मिरविणाऱ्यांनी याचा विचार करावा. कर्नल बसविल्यावर सोयीची वेळ ठरवून, शक्य तो त्याच आठवड्यात, रीबूट करण्याचा दंडक प्रत्येक कार्यालयाने घालून घ्यावा, आणि त्याआधी बूटच्या पार्टिशनमध्ये किती जागा उरली आहे ते पाहावे, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.