सिबिल खराब आहे म्हणून बसून राहू नका



नेहमी पिकाचा सल्ला असतो, आज कर्जाच्या पतीबद्दल लिहितोय. कारण फवारणीइतकाच हल्ली एक प्रश्न येतो, "सर, सिबिलमुळं कर्ज अडलंय, काय करावं?"

मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं की पीक कर्जासाठी सिबिल मागू नका. तुम्हाला कुणी त्यावरून अडवलं तर तोंडी नकार घेऊन परत येऊ नका, कारण लेखी मागा.

पण माझं मत असं आहे की या आदेशाच्या भरवशावर सिबिल तसंच पडू देणं परवडणार नाही. तो आदेश पीक कर्जापुरता आहे. ट्रॅक्टर, शेडनेट, म्हशी, गोदाम किंवा लेकरांच्या शिक्षणासाठी कर्ज मागितलं की सिबिल बघणारच. यंत्राचं अनुदानही खरेदीनंतर खात्यावर येतं, आधीची रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. तिथं बँकेनं दार लावलं तर राहतो सावकार. शेकडा ३ रुपये महिना म्हणजे १ लाखाला वर्षाचे ३६ हजार. ते कोणत्या सोयाबीनमधून काढायचे?

*आधी रिपोर्ट बघा*
माती परीक्षण न करता आपण खताचा डोस ठरवत नाही. तसंच इथंही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आपला रिपोर्ट आपण बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, साधारण ७५० च्या वर चांगला मानतात. आधी कधी कर्जच घेतलं नसेल तर स्कोअर दिसणार नाही. तेवढ्या कारणानं अर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलंय.

*रिपोर्टमध्ये काय शोधायचं*
१. मोबाईल किंवा फ्रिजचा राहिलेला हप्ता. दीड-दोन हजाराची थकबाकीसुद्धा मोठं कर्ज अडवू शकते. ती भरा आणि पावती जपा.
२. तुम्ही जामीनदार असलेलं कर्ज. भावकीत, मैत्रीत सही केली असेल आणि त्यानं थकवलं असेल तर डाग तुमच्यावरही येतो.
३. कर्जमाफीत गेलेलं खातं. २०१७ च्या योजनेत दीड लाखापर्यंत, २०१९ च्या योजनेत २ लाखांपर्यंत माफी झाली. पण खातं बंद झाल्याची नोंद बँकेनं पुढं पाठवली नसेल तर थकबाकी अजून दिसत राहते.
४. तुम्ही न घेतलेलं कर्ज. असं दिसलं तर लगेच तक्रार करा.

*चूक त्यांची असेल तर*
बँकेकडं आणि त्या रिपोर्टच्या कंपनीकडं दोन्हीकडं लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत निकाल लावायचा नियम आहे. त्यापुढं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा, मदत क्रमांक १४४४८. माफीचे पैसे बँकेला मिळाले आणि नोंद शेतकऱ्याची खराब, हे मला पटत नाही. इथं हात जोडायची गरज नाही, हक्कानं मागा.

*थकबाकी खरी असेल तर*
बँक "एवढे भरा, बाकी सोडतो" म्हणते, तेव्हा नीट विचार करा. अशी तडजोड केली की रिपोर्टवर खातं 'बंद' नाही, 'सेटल्ड' लिहिलं जातं. पुढची बँक ते वाचते आणि मागं सरते. जमत असेल तर पूर्ण भरा. खरोखर जमत नसेल तर तडजोड करा, पण पुढं काय होणार हे माहीत असू द्या. दोन्ही वेळी बेबाकी दाखला घ्या.

*पीक कर्जाचं नवं-जुनं तारखेच्या आत करा*
मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. सोयाबीन-हरभऱ्यासारख्या पिकांचं कर्ज तारखेनंतर दोन हंगाम थकलं की खातं एनपीएत जातं. माफी होईल म्हणून मुद्दाम थांबणाऱ्यांना माझं सांगणं आहे, माफी झाली तरी थकल्याचे महिने रिपोर्टवरून लगेच पुसत नाहीत.

सप्टेंबर २०२५ सारखी अतिवृष्टी झाली तर कुठून भरायचं, हा प्रश्न खराच आहे. अशा वेळी शासनानं नुकसान जाहीर केलं आणि ते ३३ टक्के किंवा जास्त असलं की पुनर्गठनाची सोय असते, म्हणजे हप्ते पाडून मुदत वाढते. पण त्याला तुमचं संमतीपत्र लागतं. व्याज पुढं चालतं म्हणून बरेच जण सही करत नाहीत. मला वाटतं, हंगाम हातचा गेलाच असेल तर सही करावी. खातं थकीत होण्यापेक्षा ते बरं.

*शेवटचं*
"५ हजार द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, ओटीपी तर नाहीच नाही. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही, चुकीची नोंद तुम्ही फुकटात दुरुस्त करू शकता. स्कोअर आठ दिवसांत सुधारत नाही. वेळेवर भरत राहिलं की काही महिन्यांत फरक दिसायला लागतो.

रिपोर्ट काढायला अडचण आली तर आधार, पॅन आणि स्वतःचा मोबाईल घेऊन कंपनीच्या ऑफिसला या. ओटीपी तुमचा तुम्हीच टाकायचा, आम्ही शेजारी बसून मदत करू.

आपला,
कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी, जालना