लोकर बांधावर का टाकायची?



आमच्या घरी दख्खनी मेंढरं आहेत. वर्षातून दोनदा त्यांची लोकर कातरतो. पूर्वी ती सणगर नेत, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणत. आता गिऱ्हाईक नाही, म्हणून लोकर बांधावर पडते. मला हे पटत नाही.

कार्यानुभवाच्या तासाला आपण दुकानातले रंगीत गुंडे आणतो. त्याला लोकर म्हणतात, पण पुष्कळदा तो ॲक्रिलिकचा धागा असतो. गुरुजींनी दोन्ही जाळून दाखवले. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी झाली. लोकरीला जळक्या केसांचा वास आला.

खऱ्या लोकरीची गंमत निराळीच. ती धुऊन, पिंजून तिचे पातळ थर आडवे-उभे पसरायचे. वर कोमट साबणपाणी शिंपडायचं आणि चोळत राहायचं. हात दुखतात! लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि न विणताच जाड कापड होतं. जेन असंच करतात. कापसाला हे जमत नाही. आमची लोकर राठ, तिचा मऊ स्वेटर व्हायचा नाही. पण आसन, चेंडू, पातेल्याखालची चकती झकास होते. फक्त आक्रसते, म्हणून माप मोठं धरावं.

मुलींनी विणायचं आणि मुलांनी मैदानावर पळायचं, हेही मला आवडत नाही. आमचे आजोबा मेंढरांमागे चालता चालता टकळीवर सूत काढायचे. त्यांना कोणी हसलं नाही.

पुढची कातरणी दिवाळीनंतर आहे. लोकर हवी असेल त्यांनी पोतं घेऊन यावं. वास येतो, आधीच सांगतो.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी