जर्नल सुचवतं सॉफ्टवेअर, जबाबदारी मात्र डॉक्टरांची

"डॉक्टर, हे इंटरनॅशनल जर्नलमध्ये छापून आलंय. मग शुगरची गोळी बंद करू का?" हा प्रश्न आता दवाखान्यात नेहमीचा झाला आहे. म्हणून संशोधन एखाद्या जर्नलपर्यंत कसं पोहोचतं, हे रुग्णांनाही थोडं माहीत असायला हवं.

वैद्यकीय जर्नल्स हजारो आहेत. आपला निबंध कुठे पाठवावा हे सुचवणारी सॉफ्टवेअर साधनं आता मिळतात. 'जेन' हे त्यातलं एक मोफत साधन. निबंधाचं शीर्षक आणि सारांश त्यात टाकला की ते पबमेडवरच्या लेखांशी शब्द जुळवून पाहतं आणि तशाच विषयावरचे लेख छापणाऱ्या जर्नल्सची यादी देतं. एल्सेव्हियर, स्प्रिंगर अशा मोठ्या प्रकाशकांचीही अशी साधनं आहेत, पण ती मुख्यतः स्वतःच्याच जर्नल्सची नावं पुढे करतात. साडीच्या दुकानात विचारल्यावर दुकानदार शेजारच्या दुकानाचं नाव थोडंच सांगणार?

तरुण डॉक्टरांचा वेळ या साधनांमुळे वाचतो, हे मला मान्य आहे. पण शब्द जुळणं म्हणजे दर्जा तपासणं नव्हे. बढतीसाठी निबंध लागतात, घाई असते. अशा वेळी यादीतलं जे जर्नल लवकर छापेल ते निवडण्याचा मोह होतो. आणि पैसे घेऊन, नीट न तपासता काहीही छापणारी जर्नल्स बाजारात आहेतच.

२०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने 'सायन्स' नियतकालिकासाठी याची परीक्षा घेतली. आपल्या मसाल्यातलं दगडफूल ज्या लायकेन गटात मोडतं, त्या गटातून मिळालेलं द्रव्य कर्करोगाच्या पेशींवर गुणकारी आहे, असा खोटा निबंध त्याने तयार केला. त्यात ढोबळ चुका मुद्दाम ठेवल्या. लेखकांकडून शुल्क घेणाऱ्या ३०४ जर्नल्सकडे तो पाठवला, आणि १५७ जर्नल्सनी तो स्वीकारला! असा निबंध खरा समजून कोणी केमोथेरपी सोडली असती तर?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: सॉफ्टवेअरने नावं सुचवावीत, निवड मात्र डॉक्टरांनीच करावी. त्या जर्नलचे लेख आधी वाचावेत. निबंध तज्ज्ञांकडून खरोखर तपासला जातो का, संपादक कोण आहेत, शुल्क किती, हे पाहावं. आपल्या निबंधाच्या दुसऱ्या टोकाला एक रुग्ण बसला आहे, हे विसरू नये.

आणि रुग्णांनो, अशी बातमी हाती आली तर तीन प्रश्न विचारा. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर? किती जणांवर? आणि दुसऱ्या कुणाला तोच निष्कर्ष मिळाला का? जर्नलच्या नावात 'इंटरनॅशनल' असणं ही दर्जाची खूण नाही. तो कागद जरूर घेऊन या, आपण मिळून वाचू. तोपर्यंत गोळी मात्र चालू ठेवा.