आणखी एका वर्षाची किंमत

वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा निकाल लागला, की महाराष्ट्रातील हजारो घरांत पुढील आठ-पंधरा दिवस एकच प्रश्न घोळत राहतो. यंदा जे मिळते ते पत्करावे, की आणखी एक वर्ष घालून पुन्हा परीक्षेला बसावे? लातूर, नांदेड, पुणे येथील शिकवणी वर्गांत अशा विद्यार्थ्यांसाठी 'रिपीटर' नावाची स्वतंत्र तुकडी असते आणि निकालाच्या मागोमाग तिचे प्रवेशही सुरू होतात. एकीकडे प्रवेशफेऱ्यांचे वेळापत्रक, दुसरीकडे वर्गाची मुदत, अशा धांदलीत हा निर्णय बहुधा शेजारच्या मुलाचे उदाहरण पाहून किंवा मामा-काकांच्या मतावर घेतला जातो. वास्तविक तो एका तरुणाच्या आयुष्यातील वर्षाचा आणि पुष्कळदा कुटुंबाच्या अनेक वर्षांच्या बचतीचा निर्णय असतो. त्याचा हिशेब नीट मांडला पाहिजे.

आकडे प्रथम पाहावेत. २०२५ च्या 'नीट'ला सुमारे बावीस लाख विद्यार्थी बसले. देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात, आणि त्यांतल्या साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांत. म्हणजे सरकारी जागेमागे पस्तीसच्या आसपास उमेदवार. सरकारी आणि खासगी महाविद्यालयांच्या शुल्कातील अंतर मात्र संपूर्ण अभ्यासक्रमात अनेक लाखांचे होते. थोड्या गुणांनी सरकारी जागा हुकलेल्या विद्यार्थ्याने आणखी एक वर्ष अभ्यास केला, तर त्याला अविचारी म्हणता येणार नाही. शिक्षक, कारकून वा कोरडवाहू शेतकरी यांच्या घरात ते वर्ष खासगी जागेच्या शुल्कापेक्षा निश्चितच स्वस्त पडते. 'वर्ष वाया घालवू नये' हा वडीलधाऱ्यांचा उपदेश म्हणूनच सरसकट खरा मानता येत नाही.

परंतु त्या वर्षाची खरी किंमत कोणती? पालक सहसा वर्गाची फी, खोलीचे भाडे आणि खानावळीचा खर्च एवढेच मोजतात. अर्थशास्त्रात ज्याला संधी-खर्च म्हणतात, तो या बेरजेत येत नाही. विद्यार्थी एक वर्ष उशिरा डॉक्टर झाला, तर त्याच्या कमाईच्या काळातील एक वर्ष कमी होते. आणि ते वर्ष आरंभीच्या तुटपुंज्या विद्यावेतनाचे नसून कारकिर्दीच्या अखेरचे, भरभराटीचे असते. शिवाय त्या वर्षात तो दुसऱ्या एखाद्या अभ्यासक्रमात जे शिकला असता, तेही हातचे जाते. आणि रुपयांत न मोजता येणारी एक किंमत आहेच. बरोबरीचे मित्र महाविद्यालयात गेलेले असताना अठरा वर्षांच्या मुलाने वा मुलीने परक्या गावातील एका खोलीत त्याच त्या पुस्तकांसमोर बारा महिने काढायचे, हा ताण लहान नव्हे. काहींना तो सोसत नाही. ज्या घरात हे बोलून दाखवायला मुलाला संकोच वाटतो, तेथे हिशेब कितीही काटेकोर केला तरी तो अपुरा राहतो.

दुसऱ्या प्रयत्नात यश किती संभवते, हा यापुढचा प्रश्न. कोणत्याही एका दिवसाच्या परीक्षेतील गुणांत विद्यार्थ्याची तयारी आणि त्या दिवसाचा योगायोग, अशा दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करण्याची एक साधी रीत आहे. परीक्षेपूर्वी दिलेल्या शेवटच्या आठ-दहा सराव चाचण्यांची सरासरी काढावी आणि प्रत्यक्ष गुणांशी ताडून पाहावी. प्रत्यक्ष गुण त्या सरासरीहून बरेच खाली असतील, ताप आला असेल किंवा एखाद्या विषयात वेळ पुरला नसेल, तर पुढील वेळी गुण वर जाण्याची वाजवी अपेक्षा करता येते. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील, तर दैवाने दगा दिला असे म्हणण्यात अर्थ नाही. मग प्रश्न अभ्यासपद्धतीचा असतो, आणि पद्धत बदलणार नसेल तर नुसते वर्ष वाढवून फारसा लाभ होत नाही.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तुलना गुणांची न करता क्रमांकाची करावी. २०२४ च्या सुधारित निकालात ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे सतरा विद्यार्थी होते. २०२५ च्या कठीण प्रश्नपत्रिकेत देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. त्यामुळे 'पन्नास गुण कमी पडले' हे वाक्य पुढच्या वर्षासाठी जवळजवळ निरर्थक ठरते. आपल्या प्रवर्गातील राज्याच्या कोट्यात शेवटची जागा कोणत्या क्रमांकावर भरली आणि आपण तिच्यापासून किती दूर होतो, हेच अंतर खरे.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रयत्नाची गोष्ट निराळी आहे. 'नीट'ला प्रयत्नांची मर्यादा नाही. २०२२ मध्ये वयाची कमाल अटही काढून टाकण्यात आली. दार कायम उघडे असल्यामुळे परत फिरणे अधिकच अवघड होते. 'दोन वर्षे घातली, आता मागे कसे फिरायचे?' हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. परंतु गेलेली वर्षे आणि भरलेली फी हा बुडीत खर्च आहे. पुढचा निर्णय काहीही घेतला तरी तो परत मिळत नाही. विचार करायचा तो फक्त यापुढील खर्चाचा आणि यापुढील संभाव्य लाभाचा. पहिल्या दोन प्रयत्नांत क्रमांक फारसा हललेला नसेल, तर तिसरे वर्ष पहिल्या दोन वर्षांच्या मानासाठी खर्ची घालू नये. पशुवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, कृषी, मूलभूत विज्ञान हे मार्ग पराभूतांचे आहेत, ही समजूत समाजाने निर्माण केली आहे आणि तिची किंमत मुले भरत आहेत.

आतापर्यंतचा विचार एका कुटुंबाचा झाला. एका कुटुंबासाठी जे शहाणपणाचे, ते साऱ्या समाजासाठी शहाणपणाचे असेलच असे नाही. पालखी पाहायला जमलेल्या गर्दीत पुढचा माणूस टाचा उंचावतो, म्हणून मागचाही उंचावतो. शेवटी सर्वांचे पाय दुखतात आणि पालखी पूर्वीइतकीच दिसते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्ये 'सोशल लिमिट्स टू ग्रोथ' या ग्रंथात अशाच स्पर्धेचे विवेचन केले होते. जागा तेवढ्याच राहतात; लाखो विद्यार्थी एकेक वर्ष अधिक घालतात; प्रवेशाची रेषा वर सरकते, आणि बारावीबरोबर पहिल्यांदा परीक्षेला बसणारा मुलगा आपोआप मागे पडतो. तमिळनाडू शासनाने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीच्या २०२१ च्या अहवालातील आकडे या दृष्टीने बोलके आहेत. त्या राज्यात एमबीबीएसला प्रवेश मिळवणाऱ्यांत पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे प्रमाण २०१६-१७ मध्ये सुमारे १२ टक्के होते. २०२०-२१ मध्ये ते ७१ टक्क्यांवर गेले. 'नीट'विषयीची त्या राज्याची भूमिका कोणी मान्य करो वा न करो, हा बदल दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्याच्या घरी आणखी एक वर्ष पोसण्याची ऐपत नाही, त्याची स्पर्धा आता ऐपत असलेल्याच्या दुसऱ्या वर्षाशी आहे.

यावर उपाय म्हणून प्रयत्नांवर मर्यादा घालावी, असे काही जण सुचवतात. तो उपाय वरवर समतेचा दिसतो. परंतु खेड्यातून आलेल्या, बारावीपर्यंत चांगला शिक्षकही न लाभलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या प्रयत्नाचीच खरी गरज असते. अमेरिकेतील 'सॅट' परीक्षेविषयी जोशुआ गुडमन, ओडेड गुरंट्झ आणि जोनाथन स्मिथ या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उपयुक्त आहे. पुन्हा परीक्षा दिल्याने गुण वाढतात आणि चार वर्षांच्या महाविद्यालयात जाण्याचे प्रमाणही वाढते. मात्र कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलेच पुन्हा परीक्षेला कमी बसतात, असे त्यांना आढळले. दुसरी संधी बंद केल्याने ही दरी बुजत नाही. ती संधी गरिबालाही परवडेल इतकी स्वस्त केली पाहिजे.

आणि खरा फरक नेमका येथे आहे. 'सॅट' वर्षातून अनेकदा होते. शाळा चालू असतानाच विद्यार्थी ती पुन्हा देतो, गरिबांना शुल्कमाफीही मिळते. तेथे दुसऱ्या प्रयत्नाची किंमत साधारणतः एक सकाळ आणि काही आठवड्यांचा अभ्यास एवढी असते. 'नीट' देणाऱ्याला त्याच गोष्टीसाठी आयुष्याचे एक वर्ष मोजावे लागते. ही किंमत निसर्गाने ठरवलेली नाही, वेळापत्रकाने ठरवलेली आहे. अभियांत्रिकीची 'जेईई मेन' २०१९ पासून वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा होते आणि अधिक चांगला निकाल ग्राह्य धरला जातो. महाराष्ट्रानेही २०२६ च्या प्रवेशांसाठी सीईटी दोनदा घेण्याचे जाहीर केले. 'नीट'बाबत मात्र जुलै २०१८ मध्ये वर्षातून दोन परीक्षांची घोषणा झाली आणि पुढच्याच महिन्यात ती मागे घेण्यात आली.

दोन परीक्षांमुळे विद्यार्थ्यांवरील ताण वाढेल, हा त्या वेळचा एक आक्षेप होता. एका दुपारवर बारा महिने टांगून ठेवण्याने ताण कमी कसा होतो, हे मात्र समजणे कठीण आहे. दोन प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी समान राखण्याची अडचण खरी आहे; तरीही 'जेईई'त निरनिराळ्या सत्रांच्या निकालांची सांगड घालण्याची पद्धत अनेक वर्षे चालू आहे. ती निर्दोष नसेल, परंतु लाखो वर्षांच्या अपव्ययापेक्षा तिचे दोष लहान आहेत. परीक्षा दोनदा झाल्याने जागा वाढणार नाहीत आणि स्पर्धाही संपणार नाही, हे मान्यच. मात्र ज्याला त्या दिवशी ताप आला, त्याला वर्षभराची शिक्षा होणार नाही.

तोपर्यंत निर्णय घरातच घ्यावा लागणार आहे. तो घेताना कागदावर चार ओळी लिहाव्यात: क्रमांकाचे अंतर, सराव चाचण्यांची सरासरी, पुढील वर्षाचा संपूर्ण खर्च, आणि पुन्हा प्रवेश न मिळाल्यास निवडायचा मार्ग. चौथी ओळ कोरी राहत असेल, तर वर्गाची फी भरण्याची घाई करू नये. आणि हा कागद लिहिताना लेखणी मुलाच्या वा मुलीच्या हाती असावी. कारण ते वर्ष त्यांचे आहे.