पालकत्वाच्या पांघरुणाखाली

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशाची राजधानी दाकार. या शहरासमोर समुद्रात एक चिमुकले बेट आहे. त्याचे नाव गोरे. हे नाव डच खलाशांनी आपल्याकडील एका बेटावरून दिले असे सांगतात. पण मराठी कानाला त्यातला योगायोग खटकल्यावाचून राहत नाही. कारण गोऱ्या व्यापाऱ्यांनी काळ्या माणसांचा जो क्रयविक्रय मांडला, त्याचे हे बेट आज जगप्रसिद्ध स्मारक झाले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेले 'गुलामांचे घर' तेथे अजून उभे आहे. १९७८ साली युनेस्कोने या बेटाला जागतिक वारशाचा मान दिला. १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तेथे जाऊन ख्रिस्ती समाजाच्या या पापाबद्दल क्षमा मागितली. २०१३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा त्या घराच्या समुद्राकडील दारात उभे राहिले आणि ते छायाचित्र जगभर गेले.

या एका घरातून लक्षावधी माणसे गेली, असे तेथील जुने रखवालदार येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत. इतिहासकारांना ते मान्य नाही. सेनेगल आणि गांबिया या नद्यांच्या मुखांवरून झालेला व्यापार गोरेहून मोठा होता, असे ते दाखवून देतात. पण एका घराचा आकडा लहान ठरला म्हणून एकंदर पाप लहान होत नाही. अटलांटिक ओलांडण्यासाठी सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली, आणि पलीकडच्या किनाऱ्याला त्यांपैकी एक कोटी सात लाखांच्या आसपासच जिवंत पोचली. त्यांत मुलेही थोडीथोडकी नव्हती. साधारण चौथा हिस्सा मुलांचा होता, असा अभ्यासकांचा अदमास आहे.

यात्रेकरू हे सारे ऐकतो, डोळे पुसतो, आणि नावेत बसून वीस मिनिटांत दाकारला परत येतो. तेथे रस्त्याच्या चौकात त्याच्यासमोर एक अनवाणी पोर येऊन उभे राहते. हातात टोमॅटोच्या रश्शाचा रिकामा डबा, अंगावर फाटका सदरा, वय सहासात वर्षांचे. यात्रेकरू त्याच्या डब्यात एक नाणे टाकतो आणि पुढे जातो. पाहून आलो तो इतिहास आणि समोर उभे आहे ते वर्तमान, या दोहोंत काही नाते असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही येत नाही. आजच्या लेखाचा विषय ते नाते हाच आहे.

या मुलांना तेथे 'तालिबे' म्हणतात, म्हणजे विद्यार्थी. ज्या शाळेत ती राहतात तिला 'दारा' आणि गुरूला 'माराबू' असे नाव आहे. आईबापांनी कुराण शिकण्यासाठी मुलाला माराबूच्या स्वाधीन करावयाचे, ही तेथली जुनी रीत. परंतु आज शहरांतील कित्येक दाऱ्यांत मुलाला रोज ठरावीक रक्कम आणून द्यावी लागते. काही ठिकाणी तांदूळ आणि साखरही. ती भरली नाही तर मार बसतो. पळून जाणाऱ्याला साखळदंड घातल्याचीही उदाहरणे नोंदली गेली आहेत. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१० साली अशा मुलांची संख्या किमान पन्नास हजार सांगितली होती. २०१९ मध्ये तिने व सेनेगलमधील संस्थांनी मिळून काढलेल्या अहवालात ती एक लाखाच्या वर गेली. आणि २०१७ व २०१८ या दोन वर्षांत मारहाण, हेळसांड वा अपघात यांपायी किमान सोळा मुले दगावल्याचे त्यात नमूद आहे. त्याआधी मार्च २०१३ मध्ये दाकारच्या मेदिना वस्तीतील एका दाऱ्याला रात्री आग लागली आणि झोपेतली किमान आठ मुले जळून मेली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दारा म्हणजेच गुलामखाना, असे म्हणणे सर्वस्वी अन्यायाचे होईल. मुलांना पोटच्या पोरांप्रमाणे सांभाळणारे आणि एक पैही न मागणारे अनेक माराबू त्या देशात आहेत. मूळ रीतही नीच नव्हती. खेड्यातला गुरू मुलांना घेऊन शेत करी, त्या शेतावर सर्वांचे पोट चाले, आणि मुले गावात घरोघर जाऊन शिजलेले अन्न मागून आणीत. शेख हमिदू कान या सेनेगली लेखकाची १९६१ साली प्रसिद्ध झालेली एक नामांकित कादंबरी आहे. तिच्यातला नायक सरदार घराण्यातला, पण गुरूकडे शिकताना तोही चिंध्या पांघरून भिक्षा मागतो. मी मोठ्या घरचा हा अहंकार गळून पडावा, हा त्यातला हेतू. तोच गुरू किती कठोरपणे मारतो, हेही लेखकाने लपविलेले नाही.

आपल्या वाचकांना हे चित्र परके वाटू नये. माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेले पूर्वज आपल्यापैकी कोणाच्या घरात नाहीत? त्या झोळीत भाकरी पडे आणि ती मुलाच्याच पोटात जाई. दाकारच्या डब्यात नाणे पडते आणि ते दुसऱ्याच्या खिशात जाते. माधुकरी आणि वेठ यांतली सीमारेषा येथेच कोठेतरी आहे.

ही सीमा ओलांडली गेली कशी? १९६८ नंतर साहेल प्रदेशात जो दीर्घ दुष्काळ पडला, त्याने खेड्यांतील शेती मोडली. भुईमूग हे सेनेगलचे मुख्य पीक; त्याचीही पूर्वीची बरकत राहिली नाही. गुरू मुलांना घेऊन शहराकडे आले. शहरात शेत नव्हते, ओळखीची घरे नव्हती. होते ते फक्त रस्ते आणि मोटारी. भाकरीची जागा नाण्याने घेतली. भाकरी साठवून ठेवता येत नाही, नाणे येते. आणि जे साठविता येते त्याचा लोभ सुटतो. मग मुलांची संख्या हेच काहींचे भांडवल झाले. गिनी-बिसाऊ, गिनी, गांबिया, माली या शेजारच्या देशांतूनही मुले आणली जाऊ लागली. आईबापांना वाटते, मूल विद्या शिकते आहे. मूल मात्र चौकात उभे असते.

पण केवळ दुष्काळावर सारा दोष टाकून भागणार नाही. मुलाचे श्रम लुटावयाचे आणि त्याला पालनपोषण म्हणावयाचे, ही युक्ती त्या भूमीत दुष्काळापेक्षा पुष्कळ जुनी आहे, आणि ती रुजविण्यात फ्रेंच सरकारचा मोठा हात आहे. २७ एप्रिल १८४८ रोजी फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. सेनेगलमधील सेंट लुई आणि गोरे या फ्रेंच ठाण्यांत गुलाम मोकळे झाले. परंतु घरकामाला हात तर हवे होते! तेव्हा एक तोड निघाली. आतल्या मुलखातून मुले विकत आणावयाची, सरकारी दप्तरात 'मुक्त केले' अशी नोंद करावयाची, आणि मग अज्ञान बालक म्हणून त्यांना वयात येईपर्यंत विकत घेणाऱ्याच्याच 'पालकत्वाखाली' द्यावयाचे. मूल कागदोपत्री स्वतंत्र, खरकटी काढायला गुलाम. ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, अर्धशतकाहून अधिक काळ, कायद्याच्या छत्राखाली चालली. गुलामांच्या व्यापारावर साऱ्या फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत बंदी घालणारा हुकूम निघाला तो १९०५ साली.

गुलामांच्या व्यापाराचा खरा वारसा मला येथे दिसतो. साखळदंड गंजून जातात, किल्ले स्मारके होतात. पण मूल ही एका हातातून दुसऱ्या हातात देण्याची वस्तू आहे, आणि देताना चांगलेसे नाव दिले की कोणी विचारीत नाही, हा धडा मागे राहतो.

सेनेगल नदीच्या पलीकडे मॉरिटानिया देश आहे. तेथे गुलामी जन्माने चालत आली. आई दासी तर मूल दास. १९८१ मध्ये त्या देशाने गुलामगिरी रद्द केली, पण तिला गुन्हा ठरविले नाही. उलट हक्कदारांना, म्हणजे धन्यांना, भरपाई देण्याची तरतूद ठेवली! गुन्हा ठरली ती २००७ साली. २०११ मध्ये सईद आणि यार्ग ही दोन भावंडे, शाळकरी वयाची, धन्याच्या घरून निसटली. खटला झाला. कायद्यात किमान पाच वर्षांची शिक्षा असता धन्याला दोन वर्षे सुनावली गेली आणि काही महिन्यांतच तो जामिनावर सुटला. अखेर मुलांची बाजू आफ्रिकेतील देशांनीच स्थापिलेल्या बालहक्क समितीपुढे गेली. मॉरिटानियाने आपले कर्तव्य केले नाही, असा निर्णय तिने २०१७ च्या डिसेंबरात दिला.

दक्षिणेकडे बेनिनचा किनारा आहे. तेथे गरिबाने आपले मूल सुखवस्तू नातलगाकडे वाढायला ठेवण्याची रीत आहे. अशा मुलाला 'विदोमेगों' म्हणतात. २००१ च्या एप्रिलमध्ये 'एतिरेनो' नावाचे जहाज बंदरोबंदर नाकारले जाऊन बेनिनच्या कोतोनू बंदरात परत आले. शेकडो मुले असल्याची आवई उठली होती, निघाली चाळीसेक. कामासाठी गॅबनकडे नेली जात होती. म्हणजे हा एका धर्माचा वा एका जमातीचा प्रश्न नव्हे. जेथे दारिद्र्य आणि विश्वास एकत्र नांदतात, तेथे दलाल येऊन पोचतोच.

कायद्याची उणीव आहे का? १९५६ च्या जिनिव्हा कराराने गुलामीसदृश प्रथांत एक गोष्ट स्पष्ट घातली आहे: आईबापांनी वा पालकाने मूल दुसऱ्याच्या हवाली करणे, मग ते मोबदला घेऊन असो वा न घेता, जर त्याच्या श्रमांचा गैरफायदा घेण्यासाठी असेल तर ती गुलामीचीच जात होय. सेनेगलनेही २००५ साली कायदा करून, दुसऱ्याला भीक मागायला लावून नफा कमावणाऱ्यास दोन ते पाच वर्षे कैद ठेवली. पण धार्मिक परंपरेला धरून असलेली भिक्षा दंडविधानाने जुन्यापासून मोकळी ठेवली आहे, आणि पळवाट ती हीच. २०१० मध्ये काही माराबूंना शिक्षा झाल्या, त्याही नावापुरत्या. गदारोळ उठताच राष्ट्राध्यक्षांनी पाऊल मागे घेतले. २०१६ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी मुलांना रस्त्यावरून हलविण्याचा हुकूम काढला. पहिल्या वर्षात दीड हजारांवर मुले उचलली गेली, आणि त्यांतली पुष्कळशी पुन्हा त्याच गुरूंच्या हवाली झाली. माराबूंचा शब्द मतदारांत चालतो. त्यांना दुखवायला कोणाचीच छाती होत नाही.

आणि ती आपली तरी झाली असती का? माझे वडील दरबारचे गवई. त्यांचे गाणे गुरुगृही झाले. पाणी भरणे, अंगण झाडणे, गुरूंचे पाय चेपणे हे सारे त्यांनी केले, आणि त्याचा अभिमान त्यांना अखेरपर्यंत होता. पण एक गोष्ट ते सांगत, आणि सांगून झाल्यावर बराच वेळ गप्प बसत. त्यांच्याबरोबर त्या घरात आणखी एक मुलगा होता. दूरच्या खेड्यातला, बाप नसलेला. त्याने वडिलांपेक्षा जास्त पाणी भरले. पण त्याला तालीम मिळालीच नाही. आज नाही उद्या, असे करीत सहा वर्षे गेली. 'आम्ही सारे त्याला गुरुबंधू म्हणत होतो,' वडील म्हणत, 'आणि तो त्या घरचा गडी होता, हे आम्हांला ठाऊक होते.' कोणी काही बोलले नाही. गुरुविरुद्ध बोलणे हे पाप, असे आम्हांला लहानपणापासून शिकविलेले असते.

मी स्वतः मुलांना गाणे शिकवितो. म्हणून नात्याचे नाव काय, हे विचारणे मी सोडून दिले आहे. शिष्य, पाल्य, नातलग, घरचेच मूल, ही सारी नावे चांगली आहेत आणि या सगळ्यांखाली मुले चिरडली गेली आहेत. विचारायचे ते तीनच प्रश्न. मुलाने मिळविलेले कोणाच्या पोटात जाते? ज्यासाठी त्याला आणले, ते त्याला खरोखर मिळते का? आणि त्याला घरी जावेसे वाटले, तर ते जाऊ शकते का? गोरे बेटावरच्या घराला हे प्रश्न विचारा, मॉरिटानियातल्या तंबूला विचारा, दाकारच्या दाऱ्याला विचारा. उत्तर सारखे आले तर प्रकारही एकच आहे.

सेनेगलमध्येच या प्रश्नांची जाण असलेली माणसे आहेत. अशी भीक धर्मात बसत नाही, असे सांगणारे इमाम तेथे आहेत. आणि काही वस्त्यांत बायकांनी एक साधी गोष्ट केली आहे. त्यांना 'न्देये दारा', म्हणजे दाऱ्याच्या आया, असे म्हणतात. दाऱ्यातील एकेक मूल त्या वाटून घेतात; त्याला जेवू घालतात, त्याचे कपडे धुतात, आजारात औषध देतात. एवढ्याने व्यवस्था बदलत नाही, हे खरे. पण मुलाच्या डब्यात नाणे टाकणारा पुढे निघून जातो, आणि भाकरी देणारीला त्याचे नाव विचारावे लागते. दुसऱ्या दिवशी ते आले नाही, तर ते कोठे गेले, हे विचारणारे वस्तीत एक माणूस तरी असते. वडिलांच्या गुरुगृही त्या मुलासाठी असे कोणी नव्हते.