पट्टी सरकू दे, पण कुठवर?



संगणकाच्या तासाला चौथीतली एक मुलगी स्लाइड बनवत होती. डावीकडे स्लाइडची छोटी चित्रं दाखवणारा कप्पा असतो ना, त्याच्या कडेची बारीक पट्टी चुकून ओढली गेली आणि कप्पा मिटला. “बाई, माझं सगळं पुसलं गेलं!” म्हणून ती रडायला लागली. खरं तर काहीच पुसलं नव्हतं. पण पुढच्या तासाला तिने माउस मैत्रिणीकडे सरकवला. “तूच कर, माझ्याकडून बिघडतं.” हे मात्र मला लागलं.

माझं म्हणणं सरळ आहे. अशा सरकत्या पट्टीला दोन्ही बाजूंनी मर्यादा हवी. ओढून कप्पा लहान-मोठा होऊ दे, पण नुसत्या ओढण्याने तो नाहीसा होऊ नये.

आपण मुलांना शिकवतो, चुकलं तर कंट्रोल आणि झेड दाबा. अक्षर पुसलं, चित्र हललं तर हा उपाय चालतो. पट्टी सरकली तर चालत नाही, कारण तो मजकुरातला बदल नसतो. त्यात अनेक प्रोग्राम पट्टीची शेवटची जागा लक्षात ठेवतात. बंद करून पुन्हा उघडलं तरी कप्पा मिटलेलाच! मग आपणच संगणक बिघडवला, अशी मुलाची खात्री होते.

प्रश्न जुनाच आहे. विंडोज एक्सपीची टास्कबार आठवा. कुलूप काढलेलं असेल तर ती वर ओढल्यावर अर्ध्या पडद्याशी थांबायची. खाली ओढली तर मात्र नुसती रेघ उरायची. पुढे 2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 मध्ये ती ओढून लहान-मोठी करायची सोयच काढून टाकली. हे झालं दुसरं टोक.

मधला रस्ता अवघड नाही. जावाच्या स्विंगमध्ये कप्प्याची किमान रुंदी ठरवली की पट्टी त्यापुढे ओढली जात नाही. क्यूटी नावाच्या साधनात पट्टी टोकाला नेली की कप्पा पूर्ण मिटतो, ही मूळचीच मांडणी. ती बंद करायला प्रोग्रामरला एक ओळ लिहावी लागते. एका ओळीने एका मुलाची भीती वाचत असेल, तर ती लिहायलाच हवी.

कुणी म्हणेल, प्रोजेक्टरवर शिकवताना कप्पा लपवावा लागतो. बरोबर आहे, पण त्यासाठी वेगळं बटण असावं. मुद्दाम लपवणं वेगळं आणि हात घसरून हरवणं वेगळं. किमान रुंदी फार मोठीही नको, नाहीतर शाळेतल्या लहान पडद्यावर मधे लिहायला जागाच उरायची नाही.

सापगावच्या बाजूच्या मुलांना हे समजावायला भाताचं खाचर पुरतं. बांध कोरत कोरत कुणी शेजारचं खाचर गिळलं, तर काय होतं ते त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

प्रोग्राम सुधारतील तेव्हा सुधारतील. तोवर आपण काय करायचं? पहिल्याच तासाला मुलांना पट्टी मुद्दाम ओढून कप्पा मिटवायला लावा आणि व्ह्यू मेनूतून तो परत आणायला शिकवा. आपल्यालाही हे लागतंच. एक्सेलच्या निकालपत्रकात ‘सी’नंतर एकदम ‘ई’ दिसला, तर ‘डी’तले गुण गेलेले नसतात. रकान्याची रुंदी ओढून शून्य झालेली असू शकते. सी आणि ई हे दोन्ही रकाने एकत्र निवडा, राइट क्लिक करा आणि अनहाइड म्हणा.

पालकांना एकच विनंती. घरी “हात लावू नकोस, बिघडेल” असं म्हणू नका.

त्या मुलीकडून मी कप्पा पाच वेळा मिटवून पाच वेळा उघडून घेतला. आता वर्गात कुणाचा कप्पा मिटला, की मला हाक मारायच्या आधी तीच उठून जाते.