उकडीचे नाते

गणेशचतुर्थीस घरोघर तांदळाच्या पिठीची उकड निघते आणि मोदकपात्रातून वाफ दरवळू लागते. ही वाफ केवळ आपल्याच स्वयंपाकघरातली, अशी आपली एक प्रेमळ समजूत असते. व्हिएतनाममधील दा नांग येथील चाम शिल्पसंग्रहालयात उभा असलेला गणपती या समजुतीस हळूच धक्का देतो. मी सोन येथील मंदिरसमूहातून आलेली ही प्राचीन चतुर्भुज मूर्ती हातातील पात्रात सोंड घालून खाऊ खात आहे! त्या मंदिरांत चंपा राज्याचे राजे चौथ्या शतकापासून भद्रेश्वर शिवाची उपासना करीत. १९९९ साली युनेस्कोने त्या स्थानाचा जागतिक वारशात समावेश केला.

आता आपल्याकडील भाविकही हौसेने तिकडे जातात. दर्शन होते, प्रश्न उभा राहतो तो भोजनाचा. जवळच्याच ह्वे नगरात ‘बान्ह बेओ’ हा पदार्थ घरगुती भोजनालयांतून सर्वत्र मिळतो. तांदळाच्या पिठीचे पातळ मिश्रण चिमुकल्या बशांत ओतून ते वाफवितात. पाहताच आपली उकड आठवावी! मात्र वर सुक्या कोळंबीचा चुरा आणि सोबत माशांपासून केलेले पाणी. मग आपली मंडळी नाक मुरडतात आणि ‘यांचे सारेच अभक्ष्य’ असा निवाडा देऊन डब्यातील दशम्या काढतात.

हा निवाडा आम्हांस मान्य नाही. त्याच देशात शाकाहारासाठी ‘चाय’ असा शब्द आहे. त्याचा चहाशी काही संबंध नाही. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असंख्य बौद्ध कुटुंबे ‘चाय’ अन्नच घेतात. व्रतस्थ मंडळी तर कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. आपल्या चातुर्मासाहून हे निराळे ते काय? निव्वळ ‘चाय’ भोजनालयात तीच बान्ह बेओ मुगाच्या सारणासह मिळू शकते. नारळाच्या दुधातील, आंबवून वाफविलेली, जाळीदार गोड ‘बान्ह बो’ तर कोकणातील सांदणांची सख्खी बहीण शोभेल.

आचार अवश्य पाळावा. जेथे शंका असेल तेथे पान नम्रपणे नाकारावे. परंतु सोवळे म्हणजे विवेक. दुसऱ्याच्या अन्नाचा तिरस्कार नव्हे. आपण ज्याची पूजा मांडतो तो बुद्धीचा दाता आहे. त्याच्या भक्ताने आधी विचारावे, मग नाकारावे. एवढी बुद्धी तो आपणा सर्वांस देवो.